कुठं म्हणू नये

आमच्या घरात ‘कुठं’ हा शब्द उंबऱ्याशी चालत नसे. आत चालायचा. चष्मा कुठं, किल्ली कुठं, पेपर कुठं नेऊन टाकला, हे दिवसभर चालू असायचं. पण माणूस चपला घालून दाराशी उभा राहिला, की त्याला ‘कुठं निघालास’ असं विचारायचं नाही. राहवतच नसेल तर ‘लांब निघालास का?’ असं विचारायचं. हा नियम माझ्या बायकोचा, तिच्या आईकडून आलेला. ही शाळेत भूगोल शिकवायची, ग्रहणात खुशाल जेवायची, मांजर आडवं गेलं तर त्याची विचारपूस करायची. पण ‘कुठं’ म्हटलं की काम मोडतं, यावर तिचा पक्का विश्वास होता.

मी हमखास चुकायचो. माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. तिथं दिवसभर एकच प्रश्न, अमुक कुठं आहे आणि तमुक कुठं ठेवलंय. तो शब्द जिभेवरून जाणार कसा? ही पर्स अडकवून निघाली की माझ्या तोंडून जायचंच, “कुठं निघालीस?” मग ही चपला काढायची, आत यायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, घोटभर पाणी प्यायची आणि नव्यानं निघायची. जाताजाता म्हणायची, “अहो, एवढं जेवण गिळता, एक शब्द गिळता येत नाही तुम्हाला?”

बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथं बस बदलून येरवडा, असा तिचा रोजचा प्रवास. शाळा येरवड्याला होती. तिच्या वर्गाच्या खिडकीतून तुरुंगाची भिंत दिसायची आणि त्या भिंतीकडे पाठ करून ही मुलांना समुद्रकिनारा शिकवायची. किनाऱ्याजवळ लाटा वाळू आणून टाकतात, टाकत राहतात, त्याची लांबच लांब पट्टी तयार होते, तिला वाळूचा दांडा म्हणतात. दांडा आणि जमीन यांच्यामध्ये जे उथळ, शांत पाणी अडकतं, ते खाजण. फळ्यावर ती हे एका दमात काढायची. निळा खडू, पिवळा खडू, पुन्हा निळा खडू. “दांडा म्हटलं की तुम्हाला दांडी आठवते,” असं म्हणून मागच्या बाकांना टोमणाही मारून व्हायचा.

एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, तुम्ही गेलाय का तिथं?”

ही खोटं बोलू शकली असती. कुणाला कळणार होतं? पण घरी येऊन चहा पिताना मला म्हणाली, “नाही म्हणाले मी. पण जाणार आहे म्हणाले. आता जायला पाहिजे.”

तेव्हापासून ते बेट आमच्या घरात आलं. खाली, दक्षिण कोकणात, एका खाडीच्या तोंडाशी असा एक दांडा आहे. मुळात तो जमिनीला जोडलेला होता. मग खाडीनं एका बाजूनं वाट फोडली आणि त्याचं बेट झालं. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण, मध्ये माड आणि थोडी घरं. टोकाला एक पडका बुरूज आणि दगडी चौकी आहे. पूर्वी खाडीत शिरणारी गलबतं तिथं थांबवायचे, जकात घ्यायचे आणि मग आत सोडायचे. हे सगळं हिनं पुस्तकांतून आणि कोकणातल्या एका सहकारी बाईंकडून गोळा केलं होतं. मला तोंडपाठ झालं होतं. मी ते पाहिलेलं नाही, आजही नाही.

जाणं का झालं नाही, असं लोक विचारतात. भांडण नव्हतं, पैशाची अडचण नव्हती, कुणाचा विरोध नव्हता. हिला निवांत जायचं होतं, एवढंच. आमच्याकडे माणसं दोन दिवस कोकणात जातात, गाडीतून उतरून किनाऱ्यावर फोटो काढतात, मासे खातात आणि सोमवारी कामावर हजर होतात. ते हिला मान्य नव्हतं. “आठ दिवस जायचं. काही करायचं नाही. सकाळी समुद्राकडे बसायचं, संध्याकाळी खाजणाकडे बसायचं. मधे वळून बसायचे तेवढे कष्ट.” पण असे आठ दिवस कुणाच्या बापाला मिळालेत? मुलाची दहावी, मग बारावी. हिच्या आईचं आजारपण. पेपर तपासणी. माझी पाठ. दर वेळी ही म्हणायची, “राहू द्या. घाईत नको. निवांत जाऊ.” निवांत हा मोठा गोड शब्द आहे, आणि मला आता त्याचा मनस्वी राग येतो. त्या शब्दानं आमची सगळी उमर गोडीगुलाबीनं खाल्ली.

ती निवृत्त झाली, मी निवृत्त झालो, मुलगा खराडीला नोकरीला लागून बायकोसह तिकडंच राहायला गेला. म्हणजे निवांतपणा घरी येऊन बसला. आणि त्याच सुमाराला एका दुपारी हिचा स्वारगेटवरून फोन आला. मागं बसचे आवाज, कंडक्टरची ओरड. ही म्हणाली, “अहो, मी कुठं निघाले होते?”

मला वाटलं, थट्टा करतेय. माझा शब्द माझ्याच गळ्यात घालतेय. मी म्हणालो, “लांब निघाली होतीस का?” आणि हसलो. पलीकडून हसू आलं नाही. मग मी रिक्षा करून तिथं गेलो. ही फलाटाच्या कडेला पिशवी छातीशी धरून उभी होती. मला बघून तिचा चेहरा सैलावला, आणि घरी येईपर्यंत तिनं माझी बाही सोडली नाही.

डॉक्टर भले होते. त्यांनी मेंदूचं चित्र दाखवलं, समजावून सांगितलं. हे वाढत जाणार. औषधानं वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. मी विचारलं, कुठवर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही.  बाहेर आल्यावर ही म्हणाली, “चांगले होते हो ते. काय झालंय म्हणाले तुम्हाला?”

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसलो. हिला कळतंय तोवर हिला त्या दांड्यावर नेऊन उभं करायचं. तिनं एकदा बोट दाखवून म्हणायला हवं, हा दांडा आणि ते खाजण. बस्स. त्यापलीकडं मला काही नको होतं. ती बरी होणार नाही हे मला समजत होतं, मी काही खुळा नव्हतो. पण जे तिनं जन्मभर फळ्यावर काढलं ते तिला एकदा ओळखू यावं, आणि तेव्हा शेजारी मी असावा, एवढं मागणं जास्त आहे असं मला वाटत नव्हतं.

तो सगळा पावसाळा माझा त्या नियोजनात गेला. पावसाळ्यात होडी बंद, दिवाळीनंतर समुद्र शांत, म्हणून दिवाळीनंतरचे आठ दिवस ठरवले. बेटावर एक बाई घरगुती खोल्या देतात, त्यांचा नंबर मिळवला आणि मी त्यांना पुणेरी चौकशीनं हैराण केलं. होडीत चढायला पायरी आहे का? ओहोटीला होडी चिखलात अडकते म्हणतात, मग उतरून चालायचं किती? संडास खोलीला लागून आहे का? दाराला आतून कडी आहे का आणि ती काढून टाकता येईल का? शेवटच्या प्रश्नाचं कारण त्यांनी विचारलं. मग मी हिच्या आजाराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “काळजी करू नकात. माझी सासू तशीच होती. येवा तुमी. बाईंका आमी हाताक धरून होडयेत बसवू.”

मी विचारलं, बेट कसं आहे आता. त्या म्हणाल्या, “आसा अजून. दर पावसाक दर्या इल्लो इल्लो खाता. बुरजाकडचो दांडो ह्या वर्षी बराच गेलो.”

असल्या गोष्टींतून अर्थ काढणाऱ्या माणसांतला मी नाही. वाळू आहे, समुद्र आहे, तो थोडी थोडी खाणारच. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो, आणि आत गेलो तेव्हा हिनं दुधाचं पातेलं फ्रिजऐवजी कपाटात ठेवलेलं होतं.

मुलाला हे पसंत नव्हतं. रविवारी यायचा आणि लॅपटॉप उघडता उघडता समजवायचा. “बाबा, बी प्रॅक्टिकल. नवीन जागेत पेशंट डिसओरिएंट होतो, डॉक्टर पण तेच म्हणाले. त्यापेक्षा मुळशीला एखादं रिसॉर्ट बघू. लेक व्ह्यू. एका दिवसात परत.”

“मुळशीला खाजण नाही,” मी म्हणालो.

“आईला खरंच फरक पडणारे का? तिला कळणार आहे का?”

पोर वाईट नाही. त्याला आईची काळजी होती, आणि तो म्हणत होता ते खोटंही नव्हतं. पण मी त्याला म्हणालो, “तुला चालायला शिकवलं तेव्हा तुला तरी काय कळत होतं?” त्यानं लॅपटॉप मिटला. मला वाटलं मी जिंकलो. म्हातारपणी माणूस असलेच फुटकळ विजय मोजत बसतो.

ऑक्टोबरात एक सकाळ आली, त्या सकाळनं मला पार फसवलं. मी घावनांसाठी तांदळाची पिठी ताटात काढत होतो. स्वयंपाक आता माझ्याकडं आला होता, आणि माझ्या घावनांना जाळी पडत नाही ही हिची तक्रार तेवढी शाबूत होती. ही समोर बसली होती. तिनं हात पुढं केला आणि ताटातल्या पिठीवर बोटानं एक रेघ ओढली. मग तिला समांतर दुसरी, जरा वाकडी. मधे बोट टेकवून म्हणाली, “इथं खाजण. इथं पाणी हलत नाही, म्हणून गाळ साठतो. आणि हे टोक वळलेलं दाखवायचं, सरळ काढलं की मार्क जातात.”

मी ताट हलू दिलं नाही. म्हणालो, “आपण इथं जाणार आहोत. दिवाळी झाली की.”

“निवांत?”

“आठ दिवस.”

“मग चालेल,” ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली. आपल्या नवऱ्याकडं बघून हसतात तशी हसली. मी त्याच दिवशी खोलीचं आणि गाडीचं पक्कं करून टाकलं. त्या ताटातल्या पिठीचे घावन काही मी केले नाहीत. ताट तसंच ओट्यावर ठेवलं. दुपारी कामाच्या बाईंनी पिठी डब्यात ओतली आणि ताट घासून टाकलं. त्यांची काही चूक नाही, ताटात पीठ पडलेलं दिसलं, त्यांनी आवरलं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत फक्त उतार होता. फराळाला आलेल्या शेजारणीला हिनं दोनदा नाव विचारलं. मुलाला ओळखलं, सुनेला नाही. आंघोळीला जायचं म्हटलं की घाबरायची. संध्याकाळी पिशवी उचलून म्हणायची, “मला घरी सोडा आता, आई वाट बघत असेल.” मी म्हणायचो, “सोडतो, आधी चहा घे.” चहा झाला की विसरायची. मुलगा फोनवर आता हट्ट करत नव्हता, तो फक्त विचारायचा, “जाणार आहात का अजून?” मी म्हणायचो, हो. मला दिसत होतं सगळं. डोळे उघडे ठेवून मी हो म्हणत होतो, कारण नाही म्हटल्यावर पुढं काय, हे मला ठाऊक नव्हतं. तेवढी एक तारीख काढून घेतली असती तर त्या घरात आम्हा दोघांपुढं वाट बघण्यासारखं दुसरं काय होतं, ते मला नीट माहीत होतं.

निघायच्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. सकाळच्या घाईत ही बिथरते म्हणून मी गाडी मुद्दाम उशिरा बोलावली होती. घाटाच्या अलीकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला होडी, सगळं बसवलेलं. हिला निळी साडी नेसवली. साडी नेसवणं मला आता जमतं, निऱ्या जरा जाड येतात. वाळूत चालायला घेतलेल्या नव्या चपला घातल्या. ही शांत होती, आणि मला वाटलं, देव आहे बहुतेक.

बॅग एका हातात, हिचा हात दुसऱ्या हातात. दाराशी आलो आणि ही थांबली.

“आपण कुठं निघालो?”

मला हसूच आलं. म्हणालो, “अगं, तूच म्हणतेस ना, कुठं म्हणू नये?” आणि मग मी काय केलं, तर बॅग खाली ठेवली, तिला आत आणलं, त्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. जन्मभर तिनं माझ्या चुकीसाठी केलं, ते मी एकदा तिच्यासाठी केलं. ती घोटभर प्याली. मी म्हणालो, “चल. नव्यानं निघू.”

ती उठली. उंबऱ्यापर्यंत आली. पुन्हा थांबली. “आपण कुठं निघालो?”

पुन्हा आत. पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी. खालून गाडीवाल्याचा फोन आला, “सर, नो पार्किंगमध्ये आहे.” मी त्याला म्हटलं, थांब. तिच्या कपाळाला घाम आला होता. मी पदरानं पुसला. बॅग उचलली आणि म्हणालो, “ऊठ बघू. तो दांडा वाट बघतोय.”

ती उठली नाही. हात मांडीवर ठेवून नीट बसली, पालक भेटायला आले की शाळेत बसायची तशी. माझ्या हातातल्या बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि आवाज एकदम अदबीचा करून म्हणाली, “आपण कुठं निघालात?”

मी नीट ऐकलं नाही असं मला वाटलं. निघालो आणि निघालात, शेवटाचाच तर फरक. कानाचं वय झालंय, म्हटलं. पण मराठी फार स्वच्छ भाषा आहे, आणि हिचे उच्चार तर शाळेत नावाजलेले. त्या ‘आपण’मध्ये आता आम्ही दोघं नव्हतो. त्यात मी एकटाच होतो.

मग तीच ओशाळली. म्हणाली, “माफ करा हं. बाहेर पडणाऱ्याला कुठं म्हणू नये. लांब निघालात का?”

नियम तिला आठवत होता.

“हो,” मी म्हणालो. “लांब.”

“एकटेच? मंडळी नाहीत बरोबर?”

“ती म्हणते, निवांत जाऊ.”

“बरोबर आहे त्यांचं,” ती म्हणाली. “घाईत मजा नसते.” मग तिनं आपल्या हातातला पाण्याचा पेला माझ्यापुढं केला. “मी कुठं म्हणून बसले. घोटभर पाणी घ्या आणि मगच निघा. या मग.”

मी पाणी प्यालो. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तिनं पेला परत घेतला आणि मी निघायची वाट बघत बसली, पाहुणा निघेपर्यंत थांबावं तशी. मी बॅग घेऊन दारात उभा होतो. कुठं जाणार होतो मी?